कॉन्फरन्स बुडाली, कॉलेज नव्हे

अमेरिकेतल्या एका वडिलांचं पत्र आलंय. चार पानी आहे, सोबत एक्सेलची फाईलही आहे. मजकूर थोडक्यात असा :

‘आम्ही ओरेगनमध्ये हिल्सबरोला अठरा वर्षं राहतो. मी चिपच्या धंद्यात. चिरंजीव अकरावीत, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) 3.7. सॉकर खेळता खेळता अमेरिकन फुटबॉलचा किकर झाला, सरावात 47 यार्डांवरून गोल मारतो. आम्ही आजवर अकरा कॅम्प केले. त्याला कॉर्व्हॅलिसला, ओरेगन स्टेटमध्ये मेकॅनिकल करायचंय आणि जमलं तर तिथेच खेळायचंय. पण पॅक-12, म्हणजे पश्चिमेकडच्या कॉलेजांची खेळाची कॉन्फरन्स, फुटल्यापासून त्या कॉलेजात काही राम उरलेला नाही. आमचं लक्ष्य युजीनचं युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगन, जे आता बिग टेन या बलाढ्य कॉन्फरन्समध्ये आहे. त्यासाठी बारावीला त्याला फ्लोरिडातल्या एका निवासी क्रीडा अकादमीत ठेवायचं, गरज पडली तर एक वर्ष मागे घ्यायचं, असं ठरवलंय. मी स्वतः दहावीनंतर लातूरला खोली घेऊन राहिलो, म्हणून इथवर आलो. हिचा विरोध आहे, पण हिला यातलं काही कळत नाही. निर्णय योग्य आहे ना?’

नाही, योग्य नाही.

आता सविस्तर. आधी त्या ‘आम्ही’बद्दल बोलते. ‘आम्ही अकरा कॅम्प केले.’ ‘आमचं लक्ष्य.’ ‘आमचा हँग टाइम (किकनंतर चेंडू हवेत राहतो तो वेळ) सुधारलाय.’ पुण्यात माझ्यासमोर बसून आया सांगायच्या, ‘यंदा आमची बारावी आहे.’ त्यांना मी विचारायचे, हॉलतिकिटावर फोटो कोणाचा आहे? तुम्हालाही तेच विचारते. चार पानांत मुलाच्या तोंडचं वाक्य एकच आहे, आणि तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. दर रविवारी तुम्ही गोलपोस्टच्या मागे फोन धरून उभे राहता, प्रत्येक किकचं चित्रण करता, रात्री आकडे भरता. मागच्या महिन्यात तो म्हणाला, ‘बाबा, आज फोन नको.’ तुम्ही पुढे लिहिता, ‘तेव्हापासून जरा चिडचिडा झालाय.’ तो चिडचिडा झालेला नाही. सतरा वर्षांच्या मुलाने एवढ्या नीट शब्दांत एक गोष्ट मागितली होती, ती त्याला मिळाली नाही.

आणि ती केशरी हुडी. लहान मुलांच्या सॉकर मॅचना रेफ्री म्हणून उभं राहून मिळवलेल्या पैशांतून त्याने ओरेगन स्टेटची हुडी घेतली, ती घालून जेवायला बसतो, ‘मुद्दाम मला डिवचतो’ असं तुम्ही म्हणता. मला तर एक्सेलच्या सगळ्या रकान्यांपेक्षा त्या हुडीतून जास्त कळलं.

तुमच्या फाईलवर माझा राग नाही. आकडे बरोबर आहेत. जुलै 2023 अखेरीस कोलोराडो पॅक-12 मधून बाहेर पडलं, 4 ऑगस्टला एका दिवसात ओरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा गेले, 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया अटलांटिक कोस्टवाल्यांकडे. पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजं अटलांटिकच्या कॉन्फरन्समध्ये! लॉस एंजेलिसच्या दोन कॉलेजांनी तर वर्षभर आधीच पाट लावला होता. 1915 साली पोर्टलंडमध्ये चार कॉलेजांनी मिळून जी मोट बांधली, तिच्यात शेवटी उरले दोघेच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्याच सप्टेंबरात कॉर्व्हॅलिसच्या रीझर स्टेडियमची सुमारे 16 कोटी डॉलर खर्चून नव्याने बांधलेली बाजू खुली झाली. मांडव घालून व्हायला आणि वऱ्हाड निघून जायला एकच गाठ पडली.

पुढचंही तुम्ही नोंदवलंय. त्या नोव्हेंबरात युजीनकडून 31-7 असा मार खाल्ल्यावर दुसऱ्याच दिवशी कोच जोनाथन स्मिथ मिशिगन स्टेटला गेला. तो स्वतः ओरेगन स्टेटचा जुना क्वार्टरबॅक (संघाची चाल चालवणारा मुख्य खेळाडू), घरचाच माणूस. पाठोपाठ तरुण क्वार्टरबॅक एडन चाइल्स त्याच्याकडे गेला, दुसरा फ्लोरिडा स्टेटला, चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक डेमियन मार्टिनेझ मायामीला. शेजारच्या वॉशिंग्टन स्टेटचा कॅम वॉर्डही मायामीला गेला आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, पहिला उचलला गेला. युजीनशी होणारी मॅच (1894 पासूनची, 2020 पर्यंत तिला सिव्हिल वॉर म्हणायचे) नोव्हेंबरच्या थंडीतून उठून सप्टेंबरात आली, आणि युजीनने ती 49-14 आणि 41-7 अशी जिंकली. गावात वर्षभर ज्या मॅचवरून पैजा लागायच्या, ती 2024 आणि 2025 मध्ये हंगामाच्या तोंडावर उरकली. याचं दुःख मला कळतं. माझा भाचा पुलमनला, वॉशिंग्टन स्टेटमध्ये, शिकत होता, त्याच्याबरोबर मी तिथे मॅच बघितली आहे. मला नियम निम्मेच कळले, पण शेजारच्या आजोबांनी मला तीन तास समजावून सांगितलं.

पण या सगळ्यातून तुम्ही जो अर्थ काढता तो उलटा आहे. बलाढ्य कॉन्फरन्स म्हणजे आपल्या मुलाला मोठं दार उघडलं, असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात बिग टेनमध्ये गेल्यापासून युजीनवाले पोरं गोळा करायला देशभर फिरतात. त्यांचा क्वार्टरबॅक डांटे मूर डेट्रॉइटचा. पहिल्याच हंगामात ते कॉन्फरन्स जिंकले, 13-0 करून रोझ बोल या मोठ्या मॅचपर्यंत गेले. अशा संघाला हिल्सबरोच्या किकरची वाट बघायची गरज नसते. किकर लागलाच तर ते ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं भर मॅचमध्ये गोल मारलेला तयार गडी आणतात. त्यात जून 2025 च्या खेळाडूंच्या पैशांबाबतच्या कोर्टाच्या तडजोडीनंतर संघाला 105 जणांची मर्यादा आली. पूर्वी हौसेने, बिनस्कॉलरशिपची, वॉक-ऑन म्हणून येणारी पोरं असायची, त्यांच्यावरच पहिली कात्री चालली. कॉलेजं आता खेळाडूंना वर्षाला 2 कोटी डॉलरच्या आसपास वाटू शकतात हे खरं, पण ते ताट क्वार्टरबॅकपासून वाढायला घेतात. किकर पंगतीच्या टोकाला बसतो.

तुमच्या लातूरचंही तेच. लातूर पॅटर्न चालला कारण पेपर सगळ्यांना एकच होता, मार्क मोजता यायचे आणि जागा हजारोंनी होत्या. तुम्ही खोलीत कोंडून घेऊन दहा मार्क वाढवलेत तर दहा मार्कांचं काहीतरी पदरात पडणारच होतं. इथे मैदानात एका वेळी एकच किकर जातो. त्या वर्षी त्या कोचला किकर हवा आहे की नाही, हे तुमच्या मुलाच्या हँग टाइमवर ठरत नाही. आधीचा पास आउट होतोय का, यावर ठरतं. आणि कोच तरी राहतो का? स्मिथच्या जागी आलेल्या ट्रेंट ब्रे याला ऑक्टोबर 2025 मध्ये, सलग सात हरल्यावर, काढलं. स्मिथलाही मिशिगन स्टेटने दोन हंगामांत नारळ दिला. हो, बिग टेनमध्येच.

आता ज्याने मला खरोखर डोक्याला हात लावावासा वाटला ते. ‘कॉलेजात काही राम उरलेला नाही.’ कॉन्फरन्स म्हणजे काय? कोणी कोणाशी खेळायचं आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकून आलेले पैसे कसे वाटून घ्यायचे, याचा करार. त्यात प्रयोगशाळा नसते. कॉर्व्हॅलिसचे मेकॅनिकलचे प्राध्यापक 4 ऑगस्टला सामान बांधून कुठे गेले नाहीत. एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग 1984 साली तिथूनच इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. चिपच्या धंद्यातल्या माणसाला हे मी पुण्यात बसून सांगावं, याची मलाच गंमत वाटते. आणि युजीनला? तिथे मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवीच नाही. ओरेगन राज्यात हे शिक्षण पूर्वीपासून कॉर्व्हॅलिसकडे आहे. म्हणजे मुलाला मेकॅनिकल करायचंय, आणि तुम्ही त्याला फ्लोरिडामार्गे अशा ठिकाणी पाठवताय जिथे तो विषय मिळतच नाही. एक्सेलमध्ये टीव्हीच्या पैशांचा रकाना आहे, विमानप्रवासाच्या मैलांचा आहे. ‘कोर्स’ नावाचा रकाना मी दोनदा शोधला.

एक वर्ष मागे घेण्याबद्दल. हे कोणी सुचवलं? डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेजच्या खेळांची सर्वांत वरची पातळी, तिच्यासाठी 16 कोअर (मुख्य शालेय) विषय नववी सुरू झाल्यापासून चार वर्षांत व्हावे लागतात, त्यातले 10 बारावी सुरू व्हायच्या आत. पाचव्या वर्षी केलेले विषय, एखादा अपवाद सोडला, तर धरत नाहीत. म्हणजे उंची-वजन वाढवायला घेतलेलं वर्ष पात्रतेलाच नख लावू शकतं. अकादमीच्या माहितीपत्रकात हे बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असेल.

बाकी एलिजिबिलिटी सेंटरची (खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या केंद्राची) नोंदणी, 2.3 जीपीए वगैरे त्याच्या शाळेत सांगतील, 3.7 वाल्याला त्याची काळजी नाही.

खेळायचं असेल तर तेही सरळ बोलू. अकरावीत कोच मुलाला थेट लिहू शकतात. तुम्ही पाठवलेल्या सतरा ईमेल मी वाचल्या, सगळी कॅम्पची आमंत्रणं आहेत, फी भरण्याच्या लिंकसह. एकाही कोचने त्याची किक बघून चार ओळी लिहिलेल्या नाहीत. ही वाईट बातमी नव्हे, बहुतेक किकरांची हीच कथा असते. ओरेगन स्टेटला आता घडी बसवायची आहे. 2026 पासून बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट येऊन पॅक-12 पुन्हा उभी राहतेय. तिथे वॉक-ऑनची चाचणी असते का, हे त्याने स्वतः, स्वतःच्या ईमेलवरून विचारावं. ‘नाही’ आलं तर डिव्हिजन थ्रीची छोटी कॉलेजं आहेत. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, पण शनिवारी खेळायला मिळतं. तिथेही मेकॅनिकल आहे का ते आधी बघा. किंवा त्याने खेळ सोडावा आणि केशरी हुडी घालून स्टँडमध्ये बसावं. चालेल.

कॉन्फरन्सचं भविष्य मला विचारू नका. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांची मॅच 2011 नंतर याच फाटाफुटीत बंद पडली होती. 2024 मध्ये टेक्सस ए अँड एमच्याच एसईसी कॉन्फरन्समध्ये गेल्यावर ती त्याच भांडणासह पुन्हा सुरू झाली. तुमचा मुलगा पदवी घेईल तोवर नकाशा अजून किती वेळा बदलेल, त्याचा रकाना करू नका.

आणि बाईंना यातलं काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंत. विरोध कशाला आहे, हे मात्र लिहिलं नाहीत. विचारलं होतंत का?

एका शनिवारी तिघं कॉर्व्हॅलिसला जा. दीड तासाचा रस्ता आहे, गाडी त्याला चालवू द्या. इंजिनिअरिंगची टूर आधीच बुक करावी लागते, ती त्याने करावी. तुमचा फोन बाईंच्या पर्समध्ये. आणि अकादमीचं डिपॉझिट भरलंय असं शेवटच्या ओळीत दिसतंय, ते परत मिळण्याची तारीख उद्याच फोन करून विचारा.