सर्फिंग येत नसेल आणि घरात शाकाहारी मंडळी असतील, तर बियारित्झला जावे का?

सप्टेंबरमध्ये आई-वडिलांना घेऊन पॅरिसहून दोन-तीन दिवस बियारित्झला, म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या सर्फिंगच्या गावी, जाण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. घरात कोणालाच सर्फिंग येत नाही आणि आई शाकाहारी आहेत, ही आपली अडचण. माझ्या मते अवश्य जावे. मी तुलूझला राहते आणि सवड मिळाली की तिकडे जाते. माझा एकच आग्रह आहे: तिथला दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर आखावा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे चार मीटरचा फरक पडतो आणि त्यामुळे एकाच किनाऱ्याची सकाळ-दुपारची रूपे ओळखू येणार नाहीत इतकी वेगळी असतात.

कोत दे बास्क या किनाऱ्यावर हे सर्वांत स्पष्ट दिसते. ओहोटीच्या वेळी कड्याखाली रुंद, ओली पुळण उघडी पडते, लांबवरून संथ लाटा येतात आणि नवशिक्यांचे वर्ग भरतात; भरती चढू लागली की वाळू आक्रसत जाते, सर्फिंगच्या फळ्या काखोटीला मारून माणसे दगडी पायऱ्यांनी वर येऊ लागतात आणि थोड्याच वेळात पाणी थेट संरक्षक भिंतीवर आदळते, बसायला हातभर वाळूही उरत नाही. १९५७ मध्ये पीटर व्हिएर्टेल हा अमेरिकन पटकथालेखक चित्रीकरणाच्या निमित्ताने इथे आला आणि त्याने कॅलिफोर्नियाहून फळी मागवली, तिथून फ्रान्समधल्या सर्फिंगची सुरुवात मानली जाते. ओहोटीनंतर पाणी भरू लागण्याच्या सुमारास कड्यावरच्या रस्त्यावर आई-वडिलांसह बसावे. चांगल्या लाटेची वाट पाहणारी माणसे न्याहाळण्यात तास सहज जातो आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला स्पेनकडचे डोंगरही दिसतात. पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, त्यामुळे ज्येष्ठांनी खाली उतरू नये, हे बरे. पाण्यात उतरायचेच असेल तर पोर व्यू ही खडकांच्या कुशीतली लहान खाडी त्यांच्यासाठी योग्य आहे, कारण तिथे लाटांचा जोर बराच कमी असतो.

गावाला आलेली ऐट फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यामुळे. त्याने १८५४ मध्ये सम्राज्ञी युजेनीसाठी ग्रांद प्लाज या मोठ्या किनाऱ्याच्या टोकाला महाल बांधायला घेतला आणि पाठोपाठ युरोपातले राजघराण्यांचे लोक इथे येऊ लागले. आज तिथे ओतेल द्यु पाले हे हॉटेल आहे. २०१९ मध्ये जी-७ परिषद याच गावात भरली होती आणि आपले पंतप्रधानही आले होते. मुक्काम परवडणारा नसला तरी किनाऱ्यावरून दीपगृहापर्यंत चालत जाताना ती वास्तू नीट पाहता येते. दीपगृहाला २४८ पायऱ्या आहेत. तो भाग तरुणांनी पाहावा.

जेवणाची चिंता करू नये, मात्र विचारून घेण्याची सवय ठेवावी. ले आल या मंडईत सकाळीच जावे. मेंढीच्या दुधाच्या चीजची पातळ चकती विक्रेते बहुधा चाखायला देतात आणि त्यासोबत काळ्या चेरीचा जॅम घ्यायची तिथली रीत खरोखर उत्तम आहे. कांदा, टोमॅटो आणि ढोबळी मिरची मंद आचेवर शिजवून केलेली पिपेराद आईंना आवडेल, पण तीत अंडे घालतात आणि पुष्कळदा हॅमही असते, म्हणून मागवण्याआधी दोन्ही विचारावे. गातो बास्क या केकमध्येही अंडे असते. एस्पलेत या बास्क गावची लाल मिरची सुवासिक पण फारच सौम्य असते, तेव्हा आपल्या जिभेला तिखट हवेच असेल तर चटणीची पुडी सोबत ठेवावी. आपण स्वतः मासे खात असाल तर स्वतःच्याच शाईत शिजवलेली लहान माकुळे चुकवू नयेत.

पॅरिसच्या मोंपारनास स्थानकाहून थेट रेल्वेगाडीने चार-साडेचार तास लागतात. बियारित्झचे स्थानक गावाबाहेर आहे, पुढे बस मिळते. बहुतेक उपाहारगृहांत दुपारी दोननंतर जेवण मिळत नाही आणि रात्रीचे सातच्या आधी सहसा सुरू होत नाही, त्यामुळे वडिलांच्या औषधांच्या वेळा सांभाळायच्या असतील तर मंडईतूनच पाव, चीज आणि फळे घेऊन खोलीवर ठेवावीत.