कॉम्प्टनच्या गल्लीतला कवी : केंड्रिक लामारविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील संगीत-पुरवणीत अमेरिकन रॅपकार केंड्रिक लामार याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इंदूरच्या निरनिराळ्या भागांतून इतकी पत्रे आली, की हे सदर या वेळी सर्वस्वी त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या नातवाने खोलीत या गायकाचे चित्र लावले आहे आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले आहे असे तो सांगतो. पुलित्झर वृत्तपत्रांतील लेखनासाठी असते अशी माझी समजूत आहे. खरे काय?
(एक आजोबा, राजेंद्रनगर)

उत्तर : नातवाचे म्हणणे खरे आहे आणि आपली समजूतही निराधार नाही. १९१७ पासून दिली जाणारी ही पारितोषिके मुख्यतः पत्रकारितेसाठीच ओळखली जातात. परंतु साहित्य आणि नाटक यांच्या जोडीने १९४३ पासून संगीतरचनेसाठीही एक पारितोषिक दिले जाते. कित्येक दशके ते पाश्चात्त्य अभिजात परंपरेतील रचनाकारांनाच मिळत राहिले. १९६५ साली परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टन या थोर कृष्णवर्णीय जॅझ संगीतकाराचा विशेष गौरव करावा अशी शिफारस केली, तेव्हा पारितोषिक मंडळाने ती फेटाळली. जॅझला त्या दारातून आत येण्यासाठी १९९७ साल उजाडावे लागले. त्यानंतर एप्रिल २०१८ मध्ये केंड्रिकच्या 'डॅम' या गीतसंग्रहाला हे पारितोषिक जाहीर झाले. अभिजात आणि जॅझ या दोन परंपरांच्या बाहेरच्या रचनेला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. एलिंग्टनला नाकारलेले दार रॅपला उघडले, म्हणून या घटनेचे मोल मला केवळ एका गायकाच्या सन्मानापेक्षा अधिक वाटते.

केंड्रिक लामार डकवर्थ याचा जन्म १७ जून १९८७ रोजी कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन या शहरात झाला. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला असलेले हे गाव त्या काळी टोळीयुद्धे आणि अमली पदार्थ यांमुळे कुप्रसिद्ध होते. त्याचे आईवडील १९८४ साली शिकागोहून, तिथल्या टोळ्यांपासून लांब जावे म्हणून, थोडेसे पैसे आणि कपडे घेऊन निघाले आणि नेमके कॉम्प्टनमध्ये येऊन राहिले. आईने मुलाचे नाव 'टेम्प्टेशन्स' या गायकवृंदातील एडी केंड्रिक्स यांच्यावरून ठेवले. लहानपणी तो बोलताना अडखळत असे, असे त्याने स्वतः सांगितले आहे. आठ वर्षांचा असताना, १९९५ साली, आपल्याच वस्तीत टुपाक शकूर आणि डॉ. ड्रे या नामवंत रॅपकारांच्या एका गीताचे चित्रीकरण त्याने वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिले. शाळेत तो हुशार विद्यार्थी म्हणून गणला जाई, आणि सातवीतल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी त्याला कवितेची गोडी लावली. सोळाव्या वर्षी 'के-डॉट' या नावाने त्याने पहिली ध्वनिफीत काढली आणि त्यानंतर काही काळातच 'टॉप डॉग' या स्थानिक ध्वनिमुद्रण संस्थेने त्याला करारबद्ध केले. या संस्थेच्या मालकाची हकिकत पुढील उत्तरात येते.

प्रश्न : तळलेल्या कोंबडीच्या चार तुकड्यांमुळे एका माणसाचा जीव वाचला, अशा आशयाचे त्याचे एक गीत असल्याचे माझ्या मुलाने सांगितले. ही कल्पित कथा आहे की घडलेली गोष्ट?
(निवृत्त शिक्षिका, सुदामानगर)

उत्तर : घडलेली गोष्ट आहे, आणि ती सांगण्याची त्याची रीत पाहण्यासारखी असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

केंड्रिकचे वडील केंटकी फ्राइड चिकनच्या एका दुकानात काम करीत. घरचे आणि ओळखीचे त्यांना डकी म्हणत. वस्तीतला अँथनी नावाचा एक तरुण त्या दुकानावर येत असे. हे दुकान त्याने यापूर्वी एकदा लुटले होते, त्या वेळी गोळीही चालली होती, आणि आता तो पुन्हा लुटण्याच्या विचारात होता. डकींना त्याची कीर्ती ठाऊक होती. तो रांगेत दिसला की ते त्याला पैसे न घेता कोंबडी देत आणि वर दोन जादा बिस्किटे ठेवीत. (ही बिस्किटे म्हणजे आपल्याकडची चहात बुडवायची नव्हेत, तो पावासारखा मऊ, भाजलेला पदार्थ असतो.) दरोडा पडला तेव्हा अँथनीने डकींना इजा केली नाही. पुढे हाच अँथनी टिफिथ 'टॉप डॉग' या नावाने ध्वनिमुद्रण संस्थेचा मालक झाला आणि त्याने ज्या कोवळ्या मुलाला हाताशी धरले, तो डकींचा मुलगा निघाला. सुमारे वीस वर्षांनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत डकी आणि टॉप डॉग समोरासमोर आले आणि जुनी ओळख पटली.

केंड्रिकने ही हकिकत 'डॅम'च्या अखेरच्या गीतात सांगितली आहे. त्या गीताचे नाव 'डकवर्थ', म्हणजे वडिलांचे आणि स्वतःचे आडनाव. दोन्ही माणसांची बालपणे तो समांतर रेषांप्रमाणे पुढे नेतो आणि ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की हे दोघे कोण. मग तो एकच विचार पुढे ठेवतो : त्या दिवशी गोळी सुटली असती, तर टॉप डॉग जन्मठेप भोगत असता आणि मी बापाविना वाढून कुठल्यातरी गोळीबारात मेलो असतो. तेवढ्यात बंदुकीचा आवाज होतो, सगळा संग्रह उलटा फिरल्यासारखा ऐकू येतो आणि आपण पहिल्या गीताच्या पहिल्या वाक्यावर येऊन पोचतो. हा संग्रह उलट क्रमानेही ऐकता येतो, हे त्याने मान्य केले आणि २०१७ च्या अखेरीस तशी आवृत्तीही काढली. एका क्रमाने ऐकले तर माणूस वाचतो, दुसऱ्या क्रमाने ऐकले तर मरतो. नशीब, दैव, पूर्वसंचित असे शब्द आपण सहज वापरतो. येथे ते गीतांच्या क्रमातच बसवलेले आहे. पुलित्झर त्याला याच संग्रहासाठी मिळाले, हे लक्षात घ्यावे.

प्रश्न : चाळीस वर्षे तबला वाजवतो. नातवंडे ऐकवतात ते ऐकून एवढेच वाटते, की सूर नसलेल्या भरभर बोलण्याला संगीत का म्हणावे?
(एक तबलावादक, रामबाग)

उत्तर : हा प्रश्न आपल्याकडून आला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण याचे उत्तर द्यायला तबल्याइतकी जवळची विद्या दुसरी नाही. रॅपची तुलना गायनाशी केली की ते उणे दिसते. ती पढंतीशी करून पाहावी. हाताने टाळी-खाली दाखवत तोंडाने परण म्हणणाऱ्या कलावंताला आपण 'हा बडबडतो' असे म्हणत नाही. बोलांचे वजन, त्यांची जागा आणि समेवर येण्याची ऐट आपण ऐकतो.

रॅपचा बहुतेक पसारा चार ठोक्यांच्या आवर्तनात असतो. अशी सोळा आवर्तने मिळून सामान्यतः एक कडवे होते. साधा रॅपकार प्रत्येक ठोक्यात दोन किंवा चार अक्षरे ठेवून आवर्तनाच्या शेवटी यमक जुळवतो आणि सुटतो. केंड्रिक तसे करीत नाही. 'डॅम'मधील दुसरे गीत मी बोटांवर मात्रा मोजत लागोपाठ अनेकदा ऐकले. चौपटीत चाललेले बोलणे तो मध्येच तिपटीत नेतो, वाक्य आवर्तनाच्या कडेवर न संपवता पुढच्या आवर्तनात ओढतो, आणि यमक जेथे अपेक्षित आहे त्याच्या अर्धी मात्रा आधी ठेवून देतो. याच गीताच्या उत्तरार्धाची एक गोष्ट आपल्याला विशेष आवडेल. संगीत-निर्माता माइक विल याने सांगितले आहे, की तो भाग केंड्रिकने ठेक्याशिवाय नुसता म्हटला आणि त्याच्याभोवती ठेका मागाहून बांधला गेला. गायकाच्या लयकारीला धरून केलेली संगत आपण आयुष्यभर केली आहे. तेव्हा येथे कोण कोणाच्या मागे गेले हे आपल्याला चटकन उमगेल.

यमकांचा हव्यास म्हणाल तर मराठीला तो नवा नाही. मोरोपंतांच्या आर्या पाठ करणारी पिढी आपल्याच घरांत होती. आणि ज्या शहरात उस्ताद अमीर खाँ राहिले, झुमऱ्याच्या अतिविलंबित लयीत एकेका अक्षराला थांबवून ठेवणारे गाणे जेथे घडले, त्या शहरातल्या कानांना अक्षर आणि मात्रा यांचे नाते समजावून सांगण्याची गरज नसावी. एक भर एवढीच घालतो, की केंड्रिकच्या २०१५ च्या संग्रहात कमासी वॉशिंग्टन, थंडरकॅट, रॉबर्ट ग्लास्पर अशा जॅझ वादकांनी वाजवले आहे. सुरासाठी आसुसलेल्या श्रोत्याने तेथून आरंभ करावा.

प्रश्न : ड्रेकबरोबरच्या भांडणात तो जिंकला असे सगळे म्हणतात. हे भांडण खरे होते की प्रसिद्धीसाठी?
(अकरावीतील विद्यार्थी, लोकमान्यनगर)

उत्तर : भांडण खरे होते, आणि प्रसिद्धीही खरीच झाली. कॅनडाचा रॅपकार ड्रेक याच्याशी अनेक वर्षे धुमसत असलेली स्पर्धा मार्च २०२४ मध्ये उघड झाली. मेच्या पहिल्या आठवड्यात तर काही तासांच्या अंतराने दोघांची उत्तरे-प्रत्युत्तरे येत होती. ४ मे रोजी आलेल्या 'नॉट लाइक अस'ने लोकमत केंड्रिककडे झुकले. त्या गीताला फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले आणि त्याच महिन्याच्या ९ तारखेला न्यू ऑर्लिन्समध्ये झालेल्या सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातील केंड्रिकचा कार्यक्रम १३ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

तुझ्या आजोबांना कलगी-तुऱ्याविषयी विचार. एक शाहीर कोडे घालतो, दुसरा त्याला सवालावर सवाल टाकतो आणि रात्र उजळेपर्यंत फड रंगतो. आपल्या माळव्यातही तुर्रा-कलंगीची परंपरा आहे. मात्र एक भेद विसरू नकोस. फडातला प्रतिस्पर्धी समोर बसलेला असतो आणि सकाळी दोघे एकाच वाटेने घरी जातात. येथे दोघांनी एकमेकांच्या घरादारावर अत्यंत गंभीर आरोप केले. ड्रेकने ते नाकारले आणि आपल्याच ध्वनिमुद्रण कंपनीविरुद्ध मानहानीचा दावा लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, कारण अशा झुंजीतले शब्द वस्तुस्थितीचे कथन म्हणून ऐकले जात नाहीत असे मत पडले. कारागिरी म्हणून ही गीते अव्वल आहेत. पण केंड्रिकचे उत्तम काम येथे नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : चौदा वर्षांची मुलगी ही गाणी ऐकते. त्यांतील शिव्या ऐकून मला धक्का बसतो. बंदी घालावी का?
(एक आई, विजयनगर)

उत्तर : आपला धक्का योग्य आहे. यांतील बहुतेक संग्रहांवर पालकांना सावध करणारी सूचना छापलेली असते, ती उगाच नव्हे. बंदीपेक्षा दोन गोष्टी कराव्यात असे सुचवतो. बहुतेक गीतांच्या शिव्या गाळलेल्या आवृत्त्या उपलब्ध आहेत. त्या लावून द्याव्यात, आणि एखादे गीत मुलीबरोबर बसून ऐकावे. १९७२ साली नामदेव ढसाळांची कविता आली तेव्हा मराठी वाचकालाही असाच धक्का बसला होता. ज्या वस्तीत आयुष्यच तसे होते, तिची कविता सोवळ्या भाषेत कशी येणार? त्याच वर्षी स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले होते, हेही मुलीला अवश्य सांगावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा एक शब्द या गीतांत वारंवार येतो. त्यांनी तो आपसात आपला करून घेतला आहे. बाहेरच्याने तो उच्चारायचा नसतो. २०१८ साली अलाबामातील एका महोत्सवात केंड्रिकने एका गोऱ्या चाहतीला गाण्यासाठी मंचावर बोलावले आणि तिने तो शब्द म्हणताच गाणे थांबवले. आपल्याकडे जातीची नावे शिवीसारखी वापरली जातात, त्यामुळे हे समजावून सांगणे अवघड जाऊ नये. गाणे ऐकता येते. तो शब्द आपल्या तोंडी येऊ देऊ नये.

प्रश्न : इंग्रजी वाचून समजते, पण यांचे उच्चार कळत नाहीत. सुरुवात कोठून करावी?
(ग्रंथालयात काम करणाऱ्या वाचक, नारायण बाग)

उत्तर : २०१२ च्या 'गुड किड, मॅड सिटी' या संग्रहापासून करावी, आणि गाथा समोर घेऊन अभंग ऐकतो त्याप्रमाणे शब्द समोर ठेवून ऐकावे. कॉम्प्टनमधल्या एका मुलाची ही सलग गोष्ट आहे. तो आईची गाडी घेऊन गेला आहे, आणि मधूनमधून दूरध्वनीवर ठेवलेला आईचा निरोप ऐकू येतो : गाडी परत आण. वडिलांना आपल्या डॉमिनोच्या खेळाच्या सोंगट्या हव्या आहेत. बाहेर गोळ्या चालल्या आहेत आणि घरचे लोक गाडीसाठी खोळंबले आहेत.

त्यात बारा मिनिटांचे एक गीत आहे, 'सिंग अबाउट मी'. पहिल्या कडव्यात केंड्रिक नाही. मारल्या गेलेल्या मित्राचा भाऊ बोलतो. तुझा संग्रह येण्याआधी मी मेलो तर, असे म्हणत तो एक इच्छा सांगू लागतो आणि वाक्याच्या मध्यावर गोळ्यांचा आवाज येतो. इच्छा सांगायची राहून जाते. दुसऱ्या कडव्यात एक तरुणी बोलते. केंड्रिकने आधीच्या संग्रहात वेश्याव्यवसायात सापडून मारल्या गेलेल्या एका मुलीवर गीत केले होते. ही तिची बहीण. माझ्या बहिणीची कहाणी सांगण्याचा अधिकार तुला कोणी दिला, असे ती त्यालाच संतापाने विचारते. स्वतःच्या गाजलेल्या गीतावरचा हा आक्षेप त्याने स्वतःच लिहिला आणि त्याचे उत्तर तिसऱ्या कडव्यापर्यंत राखून ठेवले. मी कधीच विरून जाणार नाही, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहते आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत जातो. तेथे यंत्राचा आवाज वाढवावासा वाटेल. वाढवू नये; ती बोलायची थांबलेली नाही, एवढे ऐकू येईपर्यंत कान देऊन बसावे.