गुहागरच्या माजघरासाठी पहिले स्पीकर

तुम्ही लिहिलंय ते असं: गुहागरला समुद्रापासून चालत 10 मिनिटांवर घर, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, ऐकायची जागा म्हणजे 12 बाय 14 फुटांचं माजघर. ऐकायचं नाट्यसंगीत, ख्याल आणि जुनी भावगीतं. सगळं मिळून 40 हजार. दुकानदार उंच टॉवर स्पीकर घ्या म्हणतो, भाऊ म्हणतो साउंडबार पुरे.

माझं मत आधीच सांगतो. बुकशेल्फ स्पीकरची, म्हणजे छोट्या खोक्याच्या स्पीकरची, एक चांगली जोडी घ्या, ती स्टँडवर ठेवा आणि जोडीला साधा स्टिरिओ अँप (अँप्लिफायर) घ्या. 22-25 हजार स्पीकरला, 10-12 हजार अँपला, उरलेले स्टँड आणि वायरला. साउंडबार टीव्हीच्या बातम्यांना ठीक आहे. पण तुम्हाला तंबोरा, तबला आणि गाणारा माणूस आपापल्या जागी बसलेले ऐकायचेत, आणि त्यासाठी दोन स्पीकर एकमेकांपासून लांबच हवेत.

टॉवर का नको? एक म्हणजे या किमतीत टॉवर घेतला की पैसे लाकडात आणि कोनांच्या, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या गोल पडद्यांच्या, संख्येत जातात. दुसरं कारण खोलीचं. 12 फूट म्हणजे साधारण 3.66 मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो. 14 फुटांच्या बाजूला तोच 40 हर्ट्झच्या आसपास. टॉवर नेमका तिथेच जोर लावतो. आणि तुमच्या संगीतात तिथे आहे काय? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे 138 हर्ट्झ, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69. पाच-साडेपाच इंची कोनाचा चांगला बुकशेल्फ तिथपर्यंत आरामात उतरतो. त्याखालचा हिशेब सिनेमावाल्यांनी करावा.

तुमच्या घराची एक जमेची बाजू कुणी सांगितली नसेल. कौलारू छप्पर उतरतं असतं, शिवाय कौलांच्या फटींतून थोडा खर्ज बाहेर निघून जातो. त्यामुळे स्लॅबच्या खोलीत छत आणि जमिनीमध्ये जो आवाज घुमत राहतो, तो तुमच्याकडे बराच कमी असेल. चिरा उघडा ठेवला असेल तर तो खडबडीत आणि भोकाभोकांचा, आवाज थोडा विखुरतो. गिलावा आणि ऑइलपेंट असेल तर मात्र भिंत आरशासारखी वागते. माजघराच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागे झणझण ऐकू आली तर तुमच्या आणि स्पीकरच्या मध्ये जमिनीवर जाड जाजम टाका, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा. नवा अँप घेण्यापेक्षा त्याचा फरक जास्त पडेल.

आता समुद्राच्या हवेचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण पुण्या-मुंबईचे लोक सल्ला देताना हे विसरतात.

कोनाच्या कडेला जी लवचीक पट्टी असते, ती फोमची नको, रबरी हवी. माझी पहिली जोडी जुनी, फोमच्या पट्टीची होती. चार पावसाळे काढले तिने. पाचव्या वर्षी दसऱ्यानंतर कापड काढून पुसायला गेलो तर बोटाला चिकट काळा चुरा लागला. बोट जिथे टेकलं तिथे पट्टी जुन्या पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटून आली. दमट हवेत फोम आतूनच कुजतो, तुम्ही कितीही जपा. म्हणून सेकंडहँड घेत असाल तर जाळी काढून पट्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सेकंडहँड अँप चालेल, पण किनाऱ्यावरच्या घरातला स्पीकर दहादा बघून घ्या. खोक्याच्या खालच्या कडाही हाताने चाचपा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, पाणी प्यायला की कड फुगते आणि वरचा कागद उचलतो.

वायर साधीच, पण जाड घ्या. तुमच्या खोलीला 16 गेज पुरे. उघडं तांबं खाऱ्या वाऱ्यात हिरवं-काळं पडतं. कल्हई केलेली तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या, बोटींच्या वायरिंगला हीच वापरतात. नाही मिळाली तर दरवर्षी गणपतीच्या आधी टोकं अर्धा इंच कापून नव्याने सोलायची. पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक अनुभव. एका एप्रिलमध्ये डाव्या स्पीकरमध्ये डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला बारीक खरखर येऊ लागली. अँप बदलला, वायर बदलली. शेवटी मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे खोक्यातली हवा आत-बाहेर जायला ठेवलेल्या नळीत, टॉर्च मारला तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, आणि त्यातले सुटे खडे नळीत नाचत होते. तेव्हापासून पोर्टवर आतून मच्छरदाणीचा विरळ तुकडा लावतो. पालींनाही तोच उपाय.

पोर्टवरून आठवलं. मागे पोर्ट असलेला स्पीकर भिंतीपासून किमान दीड फूट पुढे हवा, कोपऱ्यात तर नकोच. तुमच्या माजघरातून देवघराकडे ये-जा असेल, तेव्हा तेवढी जागा सोडता येईल का हे आधी टेप लावून बघा. नसेल तर पुढे पोर्ट असलेला बघा, उदाहरणार्थ एलॅक डेब्यू बी 5.2. क्यू अकॉस्टिक्स 3020आय मागच्या पोर्टचा आहे. बंद खोक्याचा स्पीकर मिळाला तर माझ्या मते तुमच्या संगीताला उत्तम. बीबीसीने 1970च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस 3/5ए नावाचा छोटा बंद खोक्याचा स्पीकर तयार केला. तो माणसाचा आवाज खरा वाजावा म्हणूनच. आजही लोक त्याचं नाव काढतात ते गळ्यासाठी, दणक्यासाठी नाही.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. खोक्यावरचं पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला वॅटचा आकडा, तर वाचूही नका. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. 86 डेसिबल म्हणजे 1 वॅटला 1 मीटरवर तेवढा आवाज. वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात. तुम्ही 8 फुटांवर बसणार, तिथे 16 वॅटला भिंती दणाणतील. म्हणजे चॅनेलमागे (एका स्पीकरला) 30-40 खरे आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, वॅट भरपूर झाले. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा. तो कमी असला, म्हणजे 4 ओहमचा स्पीकर असला, की स्वस्त अँपला जड जातो. 6 किंवा 8 ओहमचा घ्या.

ऐकून बघायला मुंबईला जाणार असाल तर दुकानदाराची गाणी ऐकू नका, आपली न्या. मी अभिषेकीबुवांचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण नेतो. मंगेशीचा गळा, आपल्याच मातीतला. आधी नुसता तंबोरा ऐका. चार तारा वेगळ्या कळतात की एकच गुंजन होतं? मग शब्द. श, ष, स कानाला टोचले तर ट्वीटर (वरचे, बारीक सूर वाजवणारा छोटा भाग) तापट आहे. दुकानात तो झगमगीत वाटतो, घरी अर्ध्या तासात डोकं धरतं. मग आवाज अगदी कमी करा. कमी आवाजातही शब्द स्पष्ट राहिले तर ती जोडी घरी आणण्याजोगी.

घरी आणल्यावर ट्वीटर कानाच्या उंचीला येईल असं स्टँड करून घ्या. गावातल्या सुताराकडून जड फणसाचं करून घेतलं तरी चालेल. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं ठेवा.

पावसाळ्यात प्लॅस्टिकने झाकू नका, आत बाष्प कोंडतं आणि बुरशी धरते. सुती कापड टाका आणि रोज तासभर तरी वाजवा. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या विजांत मात्र नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून उपसून ठेवा. घराचं अर्थिंग शेवटचं कधी तपासलंय ते खरेदीच्या आधी वायरमनला विचारा. आणि माजघरात स्पीकर कुठल्या भिंतीला लावणार त्याचा फोटो टाका, म्हणजे पोर्ट पुढचा की मागचा ते नक्की सांगता येईल.