ऑटोमॅटिक गाडीचे गिअर मऊ पडावेत आणि गिअरबॉक्सही टिकावा, असं जमतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गोव्यातल्या मयेहून पणजीला रोज ये-जा, कधी चोडणच्या फेरीबोटीनं तर कधी पर्वरीच्या कोंडीतून, आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटानं बेळगावला सासुरवाडी. ऑटोमॅटिक घ्यायची आहे, झटके नकोत, गिअरबॉक्स दहा वर्षं टिकायला हवा. मग कुठला प्रकार घ्यावा?

मी मेकॅनिक, पण सुरुवात कारवर झाली नाही. डिचोली तालुक्यात एका खाणीवर डंपरच्या वर्कशॉपमध्ये होतो. त्या धुडांना टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असायचा, दिवसभर लाल मातीत चढ-उतार. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा म्हापशाजवळ छोटं गॅरेज टाकलं. ऑटोमॅटिकबद्दल जे काही कळतं त्यातलं निम्मं त्या डंपरांनीच शिकवलं.

मऊपणा घसरण्यातून येतो. गिअर बदलला की इंजिनाचा वेग आणि चाकाचा वेग जुळेपर्यंत मध्ये काहीतरी घसरावंच लागतं. जरा जास्त वेळ घसरलं तर झटका कळत नाही, आपण खूश. पण घसरतंय तोवर उष्णता होते आणि काहीतरी झिजतं. त्यामुळे फार लोण्यासारखे गिअर पडणारी जुनी गाडी आली की मला आनंद होत नाही, शंका येते. मी गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो, तुमच्या गाडीत घसरतंय काय?

एएमटीत घसरते ती क्लच प्लेट. हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्र करतं. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आला आणि स्वस्त, मायलेजला चांगला म्हणून घरोघर पोचला. वाईट अजिबात नाही. पण तुमच्या रस्त्यावर फेरी आहे! ओहोटीला फेरीचा धक्का उभा होतो, शेवाळानं निसरडा असतो, पुढची गाडी सरकेपर्यंत लोक चढावर एक्सिलरेटर हळूच दाबून गाडी धरून ठेवतात. म्हणजे मिनिटभर हाफ क्लच. माझ्याकडे एक गिऱ्हाईक अशीच एएमटी घेऊन आला, म्हणाला, ‘गाडी वोडना’, म्हणजे ओढत नाही. बॉनेट उघडायच्या आधीच जळका वास आला. प्लेट निळी पडली होती. चढावर गाडी ब्रेकवरच धरायची, एक्सिलरेटरवर नाही. हे एवढं पाळलं असतं तर वाचला असता.

ड्राय क्लचचा डीसीटी हा त्याचा श्रीमंत भाऊ. दोन क्लच, पुढचा गिअर आधीच तयार, मोकळ्या रस्त्यावर त्याच्याइतकं सफाईदार काही नाही. पण पर्वरीत फूट-फूट सरकताना तो सतत अर्धवट धरतो आणि तापतो. ऑइलमध्ये बुडालेला वेट क्लच असेल तर उष्णता बरी निघून जाते.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये सुटताना घसरतं ते ऑइल. एक पंखा ऑइल फेकतो, समोरचा पंखा त्या धारेनं फिरतो, मध्ये प्लेट घासत नाही. वर सुटताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, जवळजवळ दुप्पट होऊन मिळतो, म्हणून धक्क्यावर गाडी दमत नाही. वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे बांधून टाकतो. मायलेज थोडं कमी, पण तुमच्या रस्त्याला हाच. सीव्हीटी याहूनही मऊ, कारण तिथं गिअरच नाहीत, दोन पुल्या आणि त्यांच्यावर स्टीलचा पट्टा. शहरात छान चालतो. भरलेली गाडी घेऊन चोर्ला चढताना मात्र इंजिन ओरडत राहतं, ते मला सोसत नाही. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, कधी ओतू नका, त्याचं ऑइल वेगळं असतं.

आता टिकण्याचं. खाणीवर ऑइल बदलताना आमचे फोरमन फिल्टर कापून आतली घडी उघडून बघायला लावायचे. धातूचा कीस दिसला की डंपर उभा. कारवाले मात्र म्हणतात, ‘लाइफटाइम ऑइल आहे.’ कुणाचं लाइफ? झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच आपल्या ऑटोमॅटिकला ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. आपल्या उकाड्यात आणि कोंडीत मी ६०,००० ला बदलतो. एकदा खाली सोडलं तर निम्म्याच्या आसपासच निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही दिवसांच्या अंतरानं दोनदा सोडून नवं भरायचं. लेव्हल कंपनीनं दिलेल्या तापमानालाच बघायची. जास्त भरलं तरी फेस होऊन ऑइलचा दाब कमी होतो. प्रेशरनं फ्लश करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, जुन्या बॉक्सला तर नकोच.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी उभी राहिली तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी आत जाऊ शकतं. लाल ऑइल गुलाबी, दुधाळ दिसलं की चालवू नका. गिअर बदलणाऱ्या आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर चिकटवलेलं असतं, पाण्यानं ते सुटतं. गाडी उचलून नेताना चारही चाकं क्रेनच्या गाडीवर हवीत, ओढत न्यायची नाही.

पणजीतल्या आल्तिनोच्या उतारावर पार्क करताना लोक थेट पी (पार्किंग) टाकून ब्रेकवरचा पाय काढतात. मग सगळा भार आतल्या बोटभर खिटीवर येतो आणि काढताना ‘टक’ असा आवाज होतो. आधी ब्रेक, मग एन (न्यूट्रल), हँडब्रेक ओढून ब्रेक सोडायचा, गाडी हँडब्रेकवर बसली की पी. रिव्हर्समधून डी (ड्राइव्ह) टाकताना गाडी पूर्ण थांबलेली हवी. चोर्ला उतरताना एन टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग आहेत. इंजिनाचा ब्रेक जातो, वेग सगळा ब्रेक लायनरवर येतो. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा धरून उतरा.

बॅटरी बदलल्यावर आठवडाभर गिअर खडबडीत पडले तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर पुन्हा शिकत असतो. झटका मारतो म्हणून गिअरबॉक्स खोलायच्या आधी इंजिनाचे माउंट बघून घ्या. निम्म्या वेळा रबरच फाटलेलं असतं आणि बिल मात्र गिअरबॉक्सचं येतं.

तर, टॉर्क कन्व्हर्टर. नवी परवडत नसेल तर जुनीही चालेल. घेताना गरम गाडी सपाटीवर उभी करा, ब्रेक दाबून पीवरून आर (रिव्हर्स), मग डी टाका. सेकंदभरात हलकेच पकडली तर ठीक. दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग धाडकन पकडली, तर मालक कितीही गोड बोलला तरी चहा पिऊन परत या.