जारचा रॅक घेताना

भाऊ, पंचवटीत पाण्याचे जार आणि सोडा मशीन ठेवणार असशील, तर वेल्डिंगचा रॅक करूच नको. भोकांच्या अँगलचा, नट-बोल्टचा घे. उद्या बाटल्यांचे क्रेट आले की फळी वर-खाली करता येते. २० लिटरचा भरलेला जार २० किलोच्या वर जातो. एका फळीवर चार ठेवलेस की ८० किलो झालेच, म्हणून जार कायम खालच्या कप्प्यात, पत्र्याखाली आडवी पट्टी, आणि कोपऱ्यांना त्रिकोणी प्लेट लावूनच घे, नाहीतर रॅक डुलतो. वरून भिंतीलाही पकडव. मशीनच्या तोटीखाली ग्लास बसेल एवढी उंची आधी मोज. सोडा मशीनच्या गॅसचा सिलिंडर मात्र रॅकवर नको. जमिनीवर उभा, साखळीने बांधलेला, आणि खोली हवेशीर. पावडर कोटिंगला, म्हणजे भट्टीत भाजून पक्क्या केलेल्या पावडरच्या रंगाला, चार पैसे जास्त गेले तरी जाऊ दे, ओल्या फरशीवर साधा रंग टिकत नाही.