‘ज्ञात फायली वगळल्या’ म्हणजे काय?

प्रश्न : आमच्या फिर्यादीतील आरोपीच्या लॅपटॉपचा न्यायवैद्यक अहवाल आला असून ‘ज्ञात फायली वगळून उरलेल्या तपासल्या’ असे त्यात एक वाक्य आहे. आरोपीने आक्षेपार्ह फाइलला विंडोजच्या एखाद्या फाइलचे नाव दिले असेल, तर तीही वगळली गेली नसेल का? – एक वकील वाचक, सातारा

उत्तर : केवळ नाव बदलल्याने ती वगळली जात नाही, कारण ही चाळणी नावावर नव्हे, तर हॅशवर चालते. फाइलमधील सर्व बाइट एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून नेल्यावर जे मूल्य मिळते, तो तिचा हॅश. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरी असतो. नोटपॅडमध्ये काहीही न लिहिता शून्य बाइटची फाइल जतन करा आणि तिला हवे ते नाव द्या. तिचा हॅश ‘ई३बी०सी४४२’ असाच सुरू होईल. मात्र एक स्वल्पविराम टाकून पुन्हा जतन केलीत, तर आधीच्या हॅशशी त्याचा मेळ लागणार नाही. विंडोजच्या ‘पॉवरशेल’मधील ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा वापरून हे घरीही पडताळता येते.

लॅपटॉपवरील फायलींचे हॅश ज्ञात फायलींच्या हॅशच्या यादीशी ताडतात आणि जुळणाऱ्या फायली वगळतात. या तुलनेसाठी बहुधा अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर संदर्भ ग्रंथालयाची यादी वापरतात. तेथे सॉफ्टवेअरच्या प्रती मिळवून त्यांतील फायलींचे हॅश काढले जातात आणि यादी विनामूल्य प्रसिद्ध होते.

उलटतपासणीत खरा प्रश्न वेगळाच विचारावा लागेल. ‘ज्ञात’ म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे. चित्रात मजकूर दडवण्याची किंवा पासवर्ड फोडण्याची साधनेही या यादीत असू शकतात. ती सरसकट वगळली असतील, तर असे साधन लॅपटॉपवर होते ही महत्त्वाची गोष्टच अहवालातून निसटते. म्हणून यादीची कोणती आवृत्ती वापरली आणि कोणते वर्ग वगळले, हे लेखी मागवा.

हॅश काढण्याच्या जुन्या पद्धतींपैकी एमडी५ २००४ मध्ये आणि एसएचए-१ २०१७ मध्ये ‘फुटली’, असा मुद्दा समोरून येईल. तो अर्धाच खरा आहे : एकच हॅश असलेल्या दोन नव्या फायली मुद्दाम घडवता येतात हे तेव्हा दिसले, विंडोजच्या आधीच अस्तित्वात असलेल्या फाइलच्या हॅशशी जुळणारी दुसरी फाइल घडवणे ही त्याहून कितीतरी अवघड गोष्ट आहे. तरीही एसएचए-२५६चा आग्रह धरावा.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रातही हॅश नोंदवतात, पण तो सादर केलेला इलेक्ट्रॉनिक पुरावा बदललेला नाही हे दाखवण्यासाठी असतो; या चाळणीशी त्याची गल्लत करू नये.