कुबडीतली गुप्ती

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

सज्जनगडावर समर्थ रामदासांची कुबडी पाहताना तिच्यात गुप्ती आहे हे आजोबांकडून ऐकलेस आणि परतीच्या विमानात मला विचारलेस, "बाबा, साधूला लपवलेले शस्त्र कशाला हवे?" तेव्हा माझे उत्तर अर्धवट राहिले होते, ते आज पुरे करतो.

ही कुबडी म्हणजे अधू पायाचा आधार नव्हे. जपाला दीर्घकाळ बसणारा साधक तिच्यावर हात टेकतो, आणि ती एका काखेत दाबून धरली की दुसऱ्या बाजूच्या नाकपुडीने श्वास मोकळा वाहू लागतो, असे योगमार्गात मानतात. म्हणूनच तिला योगदंडही म्हणतात. अशा साधनेच्या वस्तूच्या पोटात पाते बसवलेले असते, हेच तुला खटकले असावे. पण "गुप्ती" हा शब्द ज्या "गुप्" धातूपासून आला, त्याचा मूळ अर्थ रक्षण करणे असा आहे, आणि लपवणे हा अर्थ त्याला जोडूनच येतो. मला या एका शब्दातच तुझे उत्तर दिसते.

१६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीला १२ वर्षे तप केले आणि पुढची १२ वर्षे पायी तीर्थाटन केले, असे परंपरा सांगते. त्या काळी वाटेत रान होते, श्वापदे होती, वाटमारे होते. कमरेला तलवार लावली असती तर गावोगावच्या लोकांनी त्यांना भिक्षेकरी न मानता शिपाई मानले असते, आणि मग भिक्षेसाठी कोणाच्या दारात निःशंकपणे उभे राहता आले असते?

काळविटाची दोन शिंगे उलटसुलट जोडून केलेले माडू नावाचे शस्त्रही असेच रक्षणासाठी बैरागी-फकिरांच्या हाती असे.

सगळेच संन्यासी मात्र शस्त्र लपवत नव्हते. नागा गोसाव्यांचे आखाडे उघडपणे लढत, आणि १७६१ साली पानिपतावर अनुपगिरी गोसावी आपल्या नागांसह शुजाउद्दौल्याच्या बाजूने, म्हणजे मराठ्यांच्या विरुद्ध उभा होता. हे लिहिताना मला आजही वाईट वाटते. त्या फौजा आणि एकट्या वाटसरूची कुबडी यांना तू एकाच मापाने मोजू नयेस, असे मला मनापासून वाटते.

तशीच काठी तू आजोबांकडे मागितली होतीस. भारतातील शस्त्रविषयक नियमांत गुप्तीची गणना तलवारीबरोबरच होते, म्हणून त्यांनी ती तुला घेऊन दिली नाही.

तुझे बाबा